प्रतिकृतीवरचा शेवटचा हात

(शाळेच्या हस्तकला व विज्ञान प्रदर्शनाच्या पूर्वतयारीसाठी सुपा येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने (बी. ए., बी. एड.) दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)





व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांची काही एक अपेक्षा असते. शिक्षणाचे महत्त्व, समाजाची प्रगती, तरुणांची कर्तव्ये अशा विषयांवर येथे जाणकारांनी आपणास पुष्कळ सांगितले आहे आणि पुढेही सांगतील. मी मात्र आज फार लहान विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. प्रदर्शनासाठी मुले ज्या प्रतिकृती करतात, त्यांच्यावर सर्वांत शेवटी जो लेप द्यायचा, तो कोणता असावा आणि तो कसा द्यावा, एवढाच माझा विषय. यासाठी मेळावा कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. परंतु याच शेवटच्या लेपापायी माझ्या हातून एका विद्यार्थ्याच्या दीड महिन्याच्या मेहनतीवर पाणी पडता पडता राहिले. ती हकीकत मी आधी सांगतो. मग विषयाकडे वळू.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीतल्या एका मुलाने परमवीर अब्दुल हमीद यांच्या जीपची प्रतिकृती करायला घेतली. आपल्यापैकी बहुतेकांना हा इतिहास ठाऊक आहे. १९६५ च्या युद्धात, १० सप्टेंबर रोजी, पंजाबातील खेमकरण भागात चीमा गावाजवळ, चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीच्या या हवालदाराने जीपवर बसवलेल्या तोफेने शत्रूचे पॅटन रणगाडे एकामागून एक निकामी केले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावचा हा माणूस. मरणोत्तर परमवीरचक्राचा मानकरी. आमच्या विद्यार्थ्याने नगरचे रणगाडा संग्रहालय पाहिले होते. १९९४ साली लष्कराच्या आर्मर्ड कोअरने उभारलेल्या या संग्रहालयात पॅटन रणगाडा प्रत्यक्ष पाहायला मिळतो. तो पाहून आल्यावर मुलगा म्हणाला, "सर, एवढ्या धुडापुढे एवढीशी जीप! मला जीपच करायची."

पुठ्ठा, लाकडाच्या पट्ट्या, बॉलपेनच्या रिकाम्या नळ्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे एवढ्या सामानात त्याने जीप उभी केली. वर तोफेची नळी बसवली. पाण्यात कालवायच्या ॲक्रिलिक रंगाने हिरवा रंग दिला. काम इतके नीटस झाले होते, की मलाच मोह आवरला नाही. १४ ऑगस्टची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदनानंतर प्रदर्शन उघडायचे होते. मी म्हणालो, "बाळ, याला वरून एक मॅट स्प्रे मारू. लष्करी गाडी अशी चमकत नाही." म्हणणे बरोबर होते, वेळ चुकीची होती. बाहेर भुरभुर पाऊस चालला होता, हवा ओलीगच्च. मी व्हरांड्यात उभा राहून डब्यातला लेप भरपूर मारला. पाच मिनिटांत सगळ्या जीपवर पांढरट बुरशी चढल्यासारखे दिसू लागले. हिरवा रंग नाहीसा झाला. जणू कोणी पिठाच्या गिरणीत ठेवून आणली!

मुलगा एक शब्दही बोलला नाही. तो रागावला असता तर बरे वाटले असते. तो फक्त जीपकडे पाहत राहिला. मी लगेच फडके घेऊन पुसायला निघालो. तेव्हा मात्र तो म्हणाला, "सर, नका पुसू. अब्बांना विचारू या."

त्याचे अब्बा हमरस्त्यावरच्या गॅरेजात ट्रक रंगवतात. शाळेतल्या पालकसभेला ते कधी आलेले नव्हते. "आम्ही काय बोलणार तिथे," असे त्यांचे म्हणणे. त्या रात्री मी मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जीप दिव्याखाली तिरपी धरली आणि हसून म्हणाले, "सर, रंग गेलेला नाही. दमट हवेत मारलं की असं पांढरं पडतं. पावसाळ्यात आमच्याकडेही होतं." त्यांनी घाई केली नाही. आडोशाच्या कोरड्या खोलीत विजेच्या दिव्याजवळ, पण बेताच्या अंतरावर, जीप दीड-दोन तास ठेवली. मग चकाकीच्या पारदर्शक लेपाचा अगदी हलका फवारा दिला. आरशावरची वाफ जावी तसा पांढरेपणा आमच्या डोळ्यांदेखत गेला आणि खालचा हिरवा रंग वर आला. सकाळी ऊन पडल्यावर त्यांनी त्यावर मॅट लेपाचे दोन पातळ हात दिले. नऊ वाजता जीप टेबलावर होती.

मी त्यांचे आभार मानू लागलो तर ते म्हणाले, "मला शाळेचं काही येत नाही सर, एवढं येतं." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले आहे. आज मी जे सांगणार आहे, त्यातले निम्मे मी पुस्तकात वाचले आणि निम्मे त्या गॅरेजात शिकलो. कोणते निम्मे अधिक उपयोगी पडले, हे वेगळे सांगायला नको.

आता विषयाकडे येऊ. प्रतिकृतीला चकाकी नको, असे का म्हणायचे?

गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो. आरशाचे काम असेच चालते. म्हणून तेथे दिव्याचे प्रतिबिंब दिसते आणि आपण त्याला चकाकी म्हणतो. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश चारी दिशांना विखुरतो, म्हणून तेथे प्रतिबिंब दिसत नाही, वस्तूचा रंग आणि आकार तेवढा दिसतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे. मॅट लेपात याच नियमाचा उपयोग केलेला असतो. त्या लेपात सिलिकासारख्या पदार्थाची अत्यंत बारीक पूड मिसळलेली असते. लेप वाळला की या कणांमुळे पृष्ठभाग डोळ्याला न दिसण्याइतका खरखरीत होतो आणि चकाकी जाते. चकाकी घालवणारे कोणतेही जादूचे रसायन त्यात नसते.

आता असे पाहा. आपली जीप १:३५ प्रमाणात केली, म्हणजे खऱ्या जीपचे पस्तीस सेंटिमीटर हे प्रतिकृतीत एक सेंटिमीटर झाले. जीप नऊ-दहा सेंटिमीटरांची झाली. पण वर्गातली ट्यूबलाइट काही लहान झाली नाही! चार फुटांच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब त्या जीपच्या बॉनेटवर पडले, तर जीपच्या हिशेबाने ती ट्यूबलाइट एकशे चाळीस फूट लांबीची झाली. असा दिवा जगात कोठे पाहिला आहे का? डोळा हे गणित करीत बसत नाही, पण त्याला लबाडी कळते. "हे खेळणे आहे," असा निर्णय तो तत्काळ देतो.

दुसरी गोष्ट अंतराची. १:३५ ची वस्तू आपण एका फुटावरून पाहतो, तेव्हा खरी वस्तू पस्तीस फुटांवरून पाहिल्यासारखे होते. लांबच्या वस्तूची चमक मधल्या हवेने आणि धुळीने मंदावते. म्हणून खरी वस्तू थोडीशी चमकणारी असली तरी तिची प्रतिकृती त्याहून मंद ठेवावी लागते. प्रमाण जितके लहान, तितकी चमक कमी.

या अंतराच्या हिशेबाचे एक उदाहरण विद्यार्थ्यांना आवडेल. दुसऱ्या महायुद्धात आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना द्यायचे होते. त्यासाठी १९४२ पासून अमेरिकेतील शाळांतल्या मुलांनी लाकडाच्या, १:७२ प्रमाणाच्या विमान-प्रतिकृती फार मोठ्या संख्येने करून दिल्या. त्या काळ्या रंगवीत. पस्तीस फुटांवर टांगलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरच्या विमानासारखी दिसते. पस्तीसला बहात्तरने गुणून पाहा, उत्तर २५२० फूट येईल. तेथे शोभेला वाव नव्हता, आकार अचूक दिसायला हवा होता. शाळकरी मुलांचे हस्तकाम लष्कराच्या उपयोगी पडले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लष्करी वाहनाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. रणांगणावर चकाकी म्हणजे मृत्यूला दिलेले आमंत्रण. उन्हात लकाकणारे वाहन दुरून दिसते. अब्दुल हमीद यांची जीप पिकांच्या आडोशाने, मोक्याच्या जागा बदलत लढली. ती आरशासारखी चमकत असती तर? म्हणून त्या जीपची प्रतिकृती चकचकीत करणे म्हणजे केवळ रंगाची चूक नव्हे, ती इतिहासाची चूक होते.

दगडी इमारतींचेही तसेच. आपल्या जिल्ह्यातील मुले नगरच्या पूर्वेकडील डोंगरावरचा 'चांदबिबीचा महाल' नेहमी करतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे, अष्टकोनी आणि तीन मजली. ती दगडी इमारत तेलरंगाने चकचकीत केली की मिठाईच्या खोक्यासारखी दिसू लागते. सोळाव्या शतकातली दमडी मशीद घ्या. मजुरांनी आपल्या कमाईतून एकेक दमडी काढून ती बांधली, अशी आख्यायिका आहे. तिच्या दगडावरचे कोरीव काम प्रतिकृतीत दिसायचे असेल, तर उन्हाची सावली त्या खाचांत पडली पाहिजे. चकाकी त्या सावलीवर पांढरा ठिपका उमटवते आणि मुलाने तासन् तास बसून कोरलेली नक्षी झाकून टाकते.

याचा अर्थ सगळेच मॅट करावे असा नाही. तसे केले तर प्रतिकृती निर्जीव दिसते. काचा, वाहनांचे दिवे, पाणी या गोष्टी चमकल्याच पाहिजेत. संगमरवराला मंद तकाकी असते, तिला बाजारात सॅटिन म्हणतात. १६६० च्या सुमाराचा बीबीका मकबरा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्याचा घुमट संगमरवराचा आहे, पण बऱ्याच भागावर चुन्याचा गिलावा आहे. घुमटाला सॅटिन आणि गिलाव्याला मॅट दिला, तर एकाच पांढऱ्या रंगात दोन पदार्थ वेगळे ओळखू येतील. म्हणून लेप निवडण्याआधी एकच प्रश्न विचारावा: खरी वस्तू कशाची आहे, आणि ती उन्हात कशी दिसते? उत्तर येत नसेल तर ती जाऊन पाहावी. नगर काही लांब नाही.

आता निवडीविषयी. प्रतिकृती कशाची केली आहे, त्यावर लेप ठरतो. ढोबळमानाने लेप दोन जातींचे असतात. पाण्यात मिसळणारे, आणि थिनरसारख्या द्रावकात मिसळणारे. दाबाच्या डब्यातले स्प्रे बहुतेक दुसऱ्या जातीचे असतात.

पालकहो, थर्माकोलच्या बाबतीत विशेष सावध राहा. थर्माकोलवर असा स्प्रे मारला की तो विरघळतो. सुंदर घुमट क्षणात उंदराने कुरतडल्यासारखा होतो. हे मी एकापेक्षा अधिक प्रदर्शनांत पाहिले आहे आणि रडणारी मुलेही पाहिली आहेत. थर्माकोलवर पाण्याचाच रंग आणि पाण्याचाच लेप, तोही ब्रशने. अधिक चांगले म्हणजे आधी पांढऱ्या गोंदाने कागदाचे बारीक तुकडे चिकटवून त्यावर कवच करून घ्यावे. खरे म्हणजे थर्माकोलपेक्षा पुठ्ठा बरा. तो स्वस्त, टिकाऊ आणि टाकल्यावर मातीत मिसळणारा.

पोस्टर रंग वापरणाऱ्यांसाठी सूचना अशी, की तो रंग मुळातच मॅट असतो. त्यावर पुन्हा मॅट लेप देण्याची सहसा गरज नाही. आपली मुले मात्र त्यावर पांढरा गोंद पातळ करून फासतात. रंग टिकावा हा हेतू चांगला, परंतु वाळल्यावर त्याची साय चमकते आणि मूळचा मॅटपणाही जातो. शिवाय पोस्टर रंगावर पाण्याचा लेप ब्रशने दिला तर खालचा रंग ओला होऊन ओघळतो. म्हणून वस्तू हाताळली जाणार असेल तर पहिल्यापासून ॲक्रिलिक रंग घ्यावा. तो एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, त्यावर लेप खुशाल देता येतो.

घरात उरलेला दारे-खिडक्यांचा तेलरंग पुष्कळजण वापरतात. तो चकाकीचा असतो, तो वाळायला वेळ घेतो आणि त्याचा थर जाड बसतो. खिडकीच्या गजाला तो शोभतो, दोन इंचांच्या चाकाला शोभत नाही. तेलरंगावर थिनरयुक्त स्प्रे मारला तर खालचा रंग सुरकुतण्याचाही धोका आहे. कोणताही लेप आधी टाकाऊ तुकड्यावर, त्याच रंगावर, लावून पाहावा. हा नियम मोडून मी काय भोगले, ते आपण ऐकलेच.

लेपाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी रंग, आणि तो पुरता वाळू द्यावा. वाहनावर आकडे किंवा चिन्हे पाण्याच्या चिकटचित्रांनी लावायची असतील, तर तेवढ्या जागी आधी चकाकीचा लेप द्यावा. हे उलटे वाटेल, पण कारण साधे आहे. खरखरीत जागेवर चिकटचित्राखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि ते चांदीसारखे चमकतात. गुळगुळीत जागेवर ते सपाट बसते. मग धूळ, चिखल, गंज यांच्या छटा द्याव्यात. त्यानंतर मॅट लेप. तो सगळ्यांवरून गेला की रंग, चित्रे, छटा एकजीव होतात. आणि अगदी शेवटी काचा व दिवे बसवावेत, म्हणजे त्यांची चमक शाबूत राहील. आधीच बसवले असतील तर चिकटपट्टीने झाकून घ्यावेत.

आता प्रत्यक्ष लेप देण्याविषयी. येथे आमच्या गॅरेजातल्या उस्तादांचे धडे सांगतो.

पहिला धडा, हलवणे. चकाकी घालवणारी पूड तळाशी बसलेली असते. बाटली न हलवता वरचे पातळ पाणी लावले तर लेप चकाकतो, आणि तळचा गाळ लावला तर पांढरे डाग पडतात. मग आपण दुकानदाराला दोष देतो. बाटली असेल तर काडीने तळापासून ढवळावी. डबा असेल तर आतली गोळी वाजू लागल्यावरही दोन मिनिटे हलवीत राहावे.

दुसरा धडा, हवा. पावसाचा, धुक्याचा दिवस टाळावा. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर धरते. पांढरेपणा येतो तो असा. आपल्या पारनेर तालुक्यात पाऊस कमी. ही तक्रार शेतकऱ्यांची आहे आणि ती खरी आहे, पण रंगकामाला हिवाळ्यातली आपली कोरडी दुपार फार सोयीची. मात्र आपल्याकडचा वारा विसरू नका. ज्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहतात, तेथला वारा आपल्या अंगणातही येतोच. वाऱ्यात फवारा वाटेतच वाळतो आणि प्रतिकृतीवर खरखरीत भुकटी बसते, धूळ बसते ती निराळीच. म्हणून एक मोठे खोके आडवे ठेवून त्याच्या तोंडाशी काम करावे.

तिसरा धडा, अंतर आणि हात. डबा वीस-पंचवीस सेंटिमीटरांवर धरावा. फार जवळ धरला तर लेपाचे तळे साचते आणि ते चमकते. फार लांब धरला तर भुकटी बसते. फवारा प्रतिकृतीच्या बाहेर सुरू करावा, तिच्यावरून सरकत न्यावा आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच थांबवावा. पहिला हात दिसेल न दिसेल इतका हलका. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा. लागला तर तिसरा. एकाच जाड हातात काम उरकू नये. ब्रशने देणाऱ्यांनी मऊ, रुंद ब्रश घ्यावा, एका दिशेने हात चालवावा आणि अर्धवट वाळलेल्या जागी परत ब्रश फिरवू नये.

चौथा धडा, थांबणे. हा सर्वांत अवघड. ओला मॅट लेप चमकतोच. त्याला पाहून घाबरून आणखी लेप देऊ नये. तो वाळू द्यावा, मग खिडकीसमोर तिरपा धरून पाहावा. कोठे चमकणारा पट्टा राहिला असेल तर तेवढ्यावरच पुन्हा हलका हात. लेप अति झाला तर गडद रंग फिकट, राखाडी दिसू लागतात. मुळातच मॅट लेपाखाली गडद रंग थोडा उजळ दिसतो, म्हणून काळा, गडद हिरवा असे रंग देतानाच थोडे अधिक गडद ठेवावेत. आणि वाळल्यावर प्रतिकृती तळच्या पाटीला धरूनच उचलावी. बोटाच्या तेलकटपणाने आणि घासण्याने मॅट जागा पुन्हा चमकू लागते.

पाचवा धडा जिवाचा. स्प्रे पेट घेतो. चूल, गॅस, अगरबत्ती, विडी यांच्या जवळपास तो वापरू नये. डबा विस्तवावर तापवू नये, उन्हात टाकू नये. मोकळ्या हवेत, नाकातोंडावर मास्क लावून, आणि मुलांनी वडीलधाऱ्यांच्या देखत काम करावे. बक्षीस गेले तर पुढच्या वर्षी मिळेल.

खर्चाचाही विचार केला पाहिजे. प्रत्येक मुलाने डबा घ्यावा, असे मी मुळीच म्हणत नाही. पाण्याच्या मॅट लेपाची एक लहान बाटली चार-पाच मुलांना पुरते. ज्याला तीही परवडत नसेल त्याने मॅट वाळणारा रंग वापरावा, लेपाशिवाय काम छान होते. रंगात चिमूटभर टाल्कम पावडर खलून घातली तरी चकाकी कमी होते. मात्र चिमूटभरच, जास्त झाली की रंग पिठूळ होतो. या वर्षी शाळेतर्फे सामाईक सामान ठेवावे, अशी माझी पदाधिकाऱ्यांना विनंती आहे.

मित्रहो, एक शंका मला दरवर्षी विचारली जाते. पालक म्हणतात, "सर, चमकणारी वस्तू लोकांच्या नजरेत भरते, बक्षीसही तिलाच मिळते." लोकांच्या नजरेत ती भरते, हे मला मान्य आहे. पण ती नजर चमकेवरच थांबते, कामापर्यंत पोहोचत नाही. त्या वर्षी आमची जीप टेबलावर होती तेव्हा तिच्या रंगाविषयी कोणी काहीच बोलले नाही. एक निवृत्त जवान आले. त्यांनी चष्मा काढून, वाकून बराच वेळ पाहिले आणि मुलाला विचारले, "तोफेची नळी अशीच तिरपी असते, हे तुला कोणी सांगितलं?" मुलगा खुलला. पुढची पंधरा मिनिटे दोघे बोलत होते. लेप दिसलाच नाही, म्हणून नळी दिसली. शेवटच्या लेपाचे काम एवढेच आहे. बक्षीस त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाले. त्याची आठवण मला किंवा त्या मुलाला फारशी नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहून सांगितले, की जीप मी बिघडवली होती आणि ती याच्या अब्बांनी सुधारली. वर्गात क्षणभर शांतता झाली. शिक्षक चुकतो आणि ते कबूल करतो, हे मुलांना नवीन होते. त्याहून नवीन हे होते, की गॅरेजातले ज्ञान फळ्यासमोर सांगण्याजोगे असते. पुढच्या प्रदर्शनाच्या आधी ते गृहस्थ शाळेत आले आणि तासभर मुलांना फवाऱ्याचा हात दाखवून गेले. त्यानंतर ते पालकसभेलाही येतात. बोलतात थोडेच, पण येतात.

येथे बसलेल्या पालकांत कोणी सुतार असेल, कोणी शिंपी, कोणी वेल्डर, कोणी एमआयडीसीतल्या कारखान्यात यंत्रावर काम करणारा. भगिनींपैकी कोणाच्या हाती जरीकाम असेल, कोणाच्या हाती विणकाम. आपणापैकी कित्येकांना वाटते, की मुलाने शिकावे म्हणजे आपल्यासारखे हात काळे करू नयेत. मुलाने खूप शिकावे, हीच आम्हां शिक्षकांचीही इच्छा आहे. पण आपल्या हातातली विद्या त्याच्यापासून लपवू नका. प्रदर्शनाची वस्तू बाजारातून तयार आणून देऊ नका आणि त्याच्या जागी स्वतःही करून देऊ नका. शेजारी बसा. कोठे थांबायचे, तेवढे सांगा. ते सांगायला पदवी लागत नाही, अनुभव लागतो. तो आपल्यापाशी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला शेवटचे एकच सांगणे. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी लेप देऊ नका! आठवडाभर आधी काम संपवा, कोरडा दिवस निवडा, टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. आणि एवढे करूनही बिघडले तर घाबरून पुसायला धावू नका. आधी वाळू द्या. मग ज्याला कळते त्याला विचारा. तो कदाचित तुमच्या घरातच असेल.

 या वर्षीचे प्रदर्शन, इन्शा अल्लाह, गतवर्षीपेक्षा चांगले होईल.

खुदा हाफिज. जय हिंद!